किड्यामुंग्यांना ऊन कळतं का? साधे प्राणी आणि उष्णता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की कोल्हापुरात दुपारी माणसं सावली धरून चालतात, म्हशी पाण्यात बसतात, कुत्री गटारीच्या कडेला पसरतात. पण मुंगी, गांडूळ, ढेकूण, गोगलगाय यांचं काय? त्यांना ऊन लागतं का, लागत असेल तर कळतं कशानं? शाळेतली पोरं, ऊसवाले शेतकरी, गांडूळ खत करणाऱ्या महिला बचत गटातल्या ताई आणि ढेकणांनी वैतागलेले भाडेकरू हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. क्रम काही ठरवलेला नाही, हवा तो प्रश्न आधी वाचा.

‘साधे प्राणी’ म्हणजे नेमके कोणते?

या पानापुरतं बोलायचं तर पाठीचा कणा नसलेले : कृमी, गांडूळ, जळू, गोगलगाय, कीटक, गोचीड, खेकडा, हायड्रा. ‘साधे’ म्हणजे बिनडोक असं समजू नका. चेतापेशी कमी आहेत एवढाच त्याचा अर्थ.

मेंदू एवढासा, काहींना तर नाहीच. मग उष्णता कळते कशी?

कळायला सुरुवात मेंदूत होत नाही, चेतापेशीच्या पातळ आवरणात होते. त्या आवरणात प्रथिनांची बारीक दारं असतात. त्यांतली काही दारं ठरावीक तापमानाला उघडतात. दार उघडलं की कॅल्शियम, सोडियमसारखे भारित कण आत घुसतात, पेशीतला विद्युतदाब बदलतो आणि संदेश पुढं जातो. शरीरातली बहुतेक रासायनिक कामं १० अंश तापमान वाढलं की दुप्पट-तिप्पट वेगानं होतात. ही दारं मात्र तेवढ्याच फरकानं कितीतरी पटींनी जास्त उघडतात, म्हणून ती तापमान ओळखायला उपयोगी पडतात.

सस्तन प्राण्यांतलं असं पहिलं दार डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये शोधलं, आणि तेही मिरचीच्या मदतीनं. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन ज्या प्रथिनाला चिकटतं, तेच प्रथिन साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनंही उघडतं. त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. तांबडा रस्सा ओरपल्यावर कानातून धूर निघाल्यासारखं वाटतं आणि घाम फुटतो, कारण तोंड भाजतंय अशी खबर चेतातंतूंनी खरोखरच दिलेली असते. या कामासाठी ज्युलियस आणि स्पर्शाच्या संवेदनेवर काम करणारे आर्डेम पॅटापुशियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

याच घराण्यातली दारं कीटकांत, कृमींत, अगदी प्लॅनेरिया नावाच्या चपट्या कृमीतही सापडतात. कीटकांमध्ये उष्णतेच्या कामात टीआरपीए-१ आणि त्याची भावंडं पुढं असतात.

मग मुंग्यांच्या वाटेवर मिरचीपूड टाकली तर त्यांना जाळ लागतो का?

आपल्यासारखा लागत असेल असं मानायला आधार नाही. कॅप्सेसिन ज्या दाराला चिकटतं ते आपल्या आणि इतर सस्तन प्राण्यांच्या अंगात आहे. पक्ष्यांमध्येही ते आहे, पण कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरची मजेत खातो. फळमाशीवरच्या प्रयोगांत मिरचीचा तिखटपणा तिला टाळावासा वाटत नाही, मोहरी-वसाबीचा झणका मात्र ती टाळते. मुंग्या पुडीवरून वळसा घालतात तो बहुधा रांगेचा वास मोडल्यामुळं. थोड्या वेळानं बाजूनं नवी वाट काढतातच.

यांना किती बारीक फरक कळतो?

इथं जरा थांबू, कारण या विषयातला सगळ्यात रंगतदार प्राणी इथंच येतो.

सीनोरॅब्डायटिस एलेगन्स नावाचा एक सूत्रकृमी आहे. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, अंग काचेसारखं पारदर्शक, राहणं कुजक्या फळांत आणि पाल्यापाचोळ्यात. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात तो प्रयोगासाठी निवडला, आणि आज त्याच्या उभयलिंगी प्रौढाच्या ३०२ चेतापेशींपैकी प्रत्येकीला स्वतःचं नाव आहे. (या कृमीवरच्या कामासाठी ब्रेनर, हॉर्व्हिट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.)

१९७५ मध्ये हेजकॉक आणि रसेल या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अगार (जेलीसारखा पदार्थ) घातलेल्या बशीची एक बाजू गार, दुसरी ऊबदार, मध्ये हळूहळू चढत जाणारं तापमान. २० अंशांत पोटभर खाऊन वाढलेला कृमी त्या बशीत सोडला की तो वळत वळत २० अंशांच्या पट्ट्यापर्यंत येतो आणि मग त्या पट्ट्यावरून सरळ चालत राहतो. अगारवर त्याच्या अंगाचा माग उमटतो, तो एका तापमानाच्या रेषेवरून गेलेला दिसतो. १५ अंशांत वाढलेला १५ ची रेषा धरतो, २५ वाला २५ ची. त्याला दुसऱ्या तापमानात काही तास ठेवून खाऊ घातलं की आवडही बदलते. आणि ज्या तापमानात उपाशी ठेवलं होतं, तिथं तो रेंगाळत नाही.

म्हणजे या जिवाला ‘गरम’ आणि ‘गार’ एवढंच कळतं असं नाही. कुठल्या तापमानाला पोट भरलं होतं हे तो लक्षात ठेवतो. हे काम मुख्यतः एएफडी नावाच्या चेतापेशींची एक जोडी करते. ती तोंडाशी असते आणि तिच्या टोकाला बोटांसारखे बारीक फुटवे असतात. मोरी आणि ओशिमा यांनी १९९५ मध्ये लेसरनं एकेक पेशी मारून पाहिली. ही जोडी गेली की कृमीला तापमानाचा मेळ लागेना. अंशाच्या शंभराव्या भागाइतका फरकही या पेशीला जाणवतो. आपल्या बोटांनी हे जमणार नाही.

आकडा वाचण्यापेक्षा या प्राण्यांचा भर बदल ओळखण्यावर असतो : आता पुढं सरकलो तर वाढलं की कमी झालं? वाढत असेल आणि नको असेल तर वळा. बहुतेक साध्या प्राण्यांचा कारभार याच एका हिशेबावर चालतो, आणि पुढची बरीच उत्तरं तिथंच येऊन थांबतात.

गुळाच्या गरम रव्याला (ढेपेला) मुंग्या का लागत नाहीत?

गुऱ्हाळावर हे छान बघायला मिळतं. काहील वाफ्यात रिकामी केली, गूळ घोटून साच्यात भरला, की गोड वास सगळीकडं पसरतो. मुंग्या येतात, पण ताज्या रव्यापासून थोड्या अंतरावर थांबतात. एखादी पुढं होते, मिश्या वर-खाली हलवते, मागं फिरते, आडवं चालते, पुन्हा पुढं होते. रवा गार होईल तसं तिचं थांबण्याचं अंतर कमी होत जातं. शेवटी त्या चढतात तेव्हा गुळव्यालाही रवा हातात धरता येतो.

तापमान ओळखण्याची सोय मुंगीच्या मिश्यांवर असते. दक्षिण अमेरिकेतल्या पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या मिश्यांवर असे ग्राहक, म्हणजे तापमान टिपणारे बारीक संवेदी भाग सापडलेत, त्यांना अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी बदल जाणवतो.

चटका बसला तर आपल्यासारखं अंग झटकतात का?

फळमाशीची अळी तर गडाबडा लोळते. चिलटांनी घेरलेल्या पिकल्या केळ्यात बारीक पांढऱ्या अळ्या दिसतात ना, त्याच. साधारण ४० अंशांच्या वर तापवलेली बारीक सळई तिच्या अंगाला टेकवली की ती अंगाची कमान करून एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर भराभर गिरक्या घेते. हे न करणाऱ्या अळ्या २००३ मध्ये सापडल्या. त्यांच्यात बिघडलेल्या जनुकाला ‘पेनलेस’ असं नाव दिलं, तेही वर सांगितलेल्या दारांच्याच घराण्यातलं.

आता प्रश्न असा की केळ्यात जन्मणाऱ्या अळीला तापलेली सळई कोण लावणार? कोणीच नाही. पण तिच्या अंगात अंडी घालणारी एक बारीक गांधीलमाशी असते. ती आपली सुईसारखी नळी खुपसते तेव्हाही अळी अशीच लोळते, नळी सुटते आणि कधी कधी माशीच उलटी पडते. कातडीखाली पसरलेल्या ज्या चेतापेशी सुईला ओरडतात, त्याच चटक्यालाही ओरडतात. एकच पळवाट, दोन संकटांसाठी.

म्हणजे त्यांना दुखतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

इथं दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. एक, इजा करणारी उष्णता ओळखून अंग बाजूला घेणं. हे जवळपास सगळे प्राणी करतात, आणि त्याला ‘वाटणं’ लागत नाही. तव्याला बोट लागल्यावर आपला हात आधी मागं येतो, आई गं नंतर निघतं. दुसरी गोष्ट ते ‘आई गं’. कीटकात ते आहे का हे थेट बघता येत नाही, वागण्यावरून अंदाज करावा लागतो.

त्यासाठी एक चांगली कसोटी आहे : प्राणी फायदा-तोटा तोलतो का? २०२२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात भुंग्यासारख्या केसाळ बंबलबीवर असा प्रयोग झाला. काही खाद्यनळ्या ५५ अंशांपर्यंत तापवलेल्या, काही साध्या. दोन्हीकडं साखर सारखी असली की माश्या तापलेली नळी टाळत. तापलेल्या नळीत पाक जास्त गोड असला तर मात्र चटका सोसून तिथं जात. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर गोडीनं फरक पडला नसता. दुखतं हे यातून सिद्ध होत नाही, पण ‘कीटक म्हणजे यंत्र’ हे म्हणणं अवघड होतं.

खेकड्यांच्या बाबतीत कायदा काही देशांत एक पाऊल पुढं गेलाय. जिवंत शेवंड उकळत्या पाण्यात टाकायला स्वित्झर्लंडनं २०१८ मध्ये मनाई केली, आधी बेशुद्ध करा म्हणून. ब्रिटननं २०२२ च्या कायद्यात खेकडे, शेवंड आणि ऑक्टोपसच्या गोतावळ्याला संवेदनशील प्राण्यांत घेतलं. पावसाळ्यात आपल्याकडं भाताच्या बांधावरचे खेकडे धरून रस्सा करणारे कमी नाहीत. खेकडा उकळत्या पाण्यात जिवंत टाकला की तो धडपडतो आणि नांग्या टाकतो. आधी बर्फात पुरेसा वेळ ठेवून निपचित करा आणि मग चटकन फोडा. रश्श्याच्या चवीत काडीचा फरक पडत नाही.

गांडूळ खताच्या बेडमधून गांडुळं पळून का जातात?

बहुतेक वेळा बेड तापलेला असतो. आपल्याकडं खतासाठी जास्त करून आयसेनिया फेटिडा ही लालसर गांडुळं वापरतात. त्यांना २० ते ३० अंशांच्या आसपास बरं वाटतं, ३५ च्या वर ती तग धरत नाहीत. ताजं शेण आणि हिरवा पाला एकत्र रचला की जिवाणूंच्या कामानं ढीग आतून ५० अंशांच्याही पुढं तापतो. हवा गार असली तरी तापतो, आणि नेमकं हेच लोकांच्या ध्यानात येत नाही. ‘शेडमध्ये तर सावली आहे, वर गोणपाटही ओलं आहे, तरी पळाली’ अशी तक्रार असते तेव्हा उष्णता वरून आलेली नसते, खालून आलेली असते.

गांडुळाला डोळे नाहीत, पण सगळ्या कातडीभर संवेदी पेशी आहेत, आणि श्वासही त्याच ओल्या कातडीतून चालतो. ऊब वाढली की ऑक्सिजनची गरज वाढते, आणि नेमका त्याच वेळी तापलेल्या, कुजणाऱ्या ढिगात ऑक्सिजन कमी पडतो. म्हणून ती कडेला येतात, विटांच्या फटीत गोळा होतात, रात्री चक्क भिंत चढून बाहेर पडतात. कडेला लाल गुंते दिसायला लागले की मध्यभागी कोपरापर्यंत हात घालून बघा. हाताला ऊब लागली तर गांडुळांचं बरोबर आहे.

उपाय सोपा आहे. पंधरा-वीस दिवसांचं, गार झालेलं शेण वापरा. ढीग एकदम उंच रचू नका, थर पातळ ठेवा. गांडुळं सोडायच्या आधी रोज हात घालून बघा आणि ऊब पूर्ण गेल्याशिवाय सोडू नका. पाणी शिंपडा, पण चिखल करू नका, नाहीतर हवा कोंडते. ताज्या शेणात गोमूत्र जास्त असेल तर अमोनियाच्या वासानंही ती पळतात. रात्री बेडवर एक दिवा लावून ठेवला तर ती वर येत नाहीत, कारण उजेड त्यांना नकोच असतो. पण तो तात्पुरता इलाज. आत तापलेलंच राहिलं तर ती आत मरतील.

उन्हाळी नांगरटीनं हुमणी मरते ती उष्णतेनं का?

काही अंशी. वैशाखातल्या दुपारी उघड्या काळ्या रानाचा वरचा थर ५० अंशांच्या घरात जाऊ शकतो, पण फूटभर खाली दिवस-रात्रीचा फरक फारसा पोचत नाही. हुमणीची, म्हणजे पिकाची मुळं खाणारी अळी किंवा तिचे विश्रांतीतले भुंगेरे वरचा थर तापायला आणि वाळायला लागला की खाली असतात, तिथं सुरक्षित असतात. नांगरानं ती वर आली की एकदम उघडी पडतात. ऊन त्यांना मारतं, आणि त्याहून जास्त मारतात नांगरामागं चालणारे बगळे, कावळे, साळुंक्या.

बाहेर पडण्याची वेळ मात्र हुमणी उन्हावरून ठरवत नाही. वळवाचा पहिला दणका बसला, जमीन भिजली, की संध्याकाळी भुंगेरे उठून बाभूळ-कडुनिंबावर जातात. त्या दिवसांत फांद्या हलवून ते गोळा करणं किंवा प्रकाश सापळे लावणं ही संधी चुकवू नये, कारण एक मादी मारली की तिची पुढची अंडीही टळतात.

गादी उन्हात टाकली की ढेकूण मरतात का?

थोडे मरतात, बाकीचे खालच्या बाजूला जातात.

ढेकणाला ऊब चांगली कळते. झोपलेल्या माणसाची ऊब तो काही सेंटीमीटरवरून मिश्यांनी ओळखतो आणि तिकडं चालतो. पण हीच ऊब जास्त झाली की उलट फिरतो. मारायचं तर सगळी गादी आतपर्यंत तापली पाहिजे आणि तापलेली राहिली पाहिजे. ४५ अंशांना मोठे ढेकूण मरायला दीड तासाच्या आसपास लागतो, अंड्यांना त्याच तापमानाला सात तास. ४८ अंशांना मोठे ढेकूण लवकर मरतात, अंडी मात्र तासाभराहून जास्त टिकतात. गच्चीवर टाकलेल्या कापसाच्या गादीचा वरचा पृष्ठभाग हा आकडा गाठेल, मधला कापूस आणि खालची शिवण गाठणार नाही. आणि ढेकूण शिवणीतच असतो.

चादरी, उशांचे अभ्रे, कपडे कढत पाण्यात टाका. पलंगाच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत उकळतं पाणी ओतण्याची आजीची पद्धत लाकडी बाजेपुरती खरोखर चांगली होती. प्लायवूडच्या दिवाणाला ती करू नका, दिवाण फुगेल.

दाजीपूरच्या जंगलात जळवा बरोबर आपल्यालाच कशा शोधतात?

पावसाळ्यात राधानगरी-दाजीपूरला किंवा आंबा घाटात पाऊलवाटेवर क्षणभर थांबा आणि पायाजवळच्या पानांकडं बघा. दोरीच्या तुकड्यासारखी जळू मागच्या चूषकावर उभी राहते, पुढचं टोक हवेत गोल फिरवते, थांबते, आणि नेमकी आपल्या दिशेला पावलं टाकायला लागते. जमिनीची थरथर, सावली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब ही सगळी खबर ती एकत्र वापरते. चावायचं की नाही हे ठरवताना उबेला मोठं महत्त्व असतं : युरोपातल्या औषधी जळवांवरच्या प्रयोगांत त्यांनी साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंत तापवलेला पृष्ठभाग सगळ्यात जास्त चावून पाहिला. म्हणजे आपल्यासारख्या ऊबदार रक्ताच्या प्राण्याची कातडी.

काडी किंवा बिडी टेकवून जळू काढू नका. चटक्यानं ती सुटते, पण पोटातलं जखमेत ओकण्याची शक्यता असते. नखानं आधी बारीक टोक आणि मग जाड टोक सरकवा.

गोचीड गोठ्यात बसल्याबसल्या म्हैस कुठं आहे हे कसं ओळखते?

गोचिडीच्या पुढच्या पायांच्या जोडीवर ‘हॅलरचं इंद्रिय’ नावाचा बारीक खड्डा असतो. म्हणूनच ती गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते. वास या इंद्रियानं कळतो हे जुनंच माहीत होतं. अमेरिकेतल्या गोचिडींवरच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं की लांबून येणारी अंगाची उष्णता, म्हणजे अवरक्त किरणंही त्याच खड्ड्यानं टिपली जातात, आणि डीट किंवा सिट्रोनेलासारखी किडे दूर ठेवणारी रसायनं ही उष्णतेची जाणीवच बोथट करतात. गोचीड काढताना कान, कास आणि शेपटीखालची पातळ कातडी आधी तपासा.

डासांचंही तसंच का?

बरंचसं. लांबून त्याला श्वासातला कार्बन डायऑक्साइड कळतो, मग घामाचा वास, आणि शेवटच्या टप्प्यात ऊब आणि दमटपणा. यातली गंमत २०२० मध्ये मलेरियाच्या डासांत दिसली. मिशीच्या टोकावरचा जो संवेदी ग्राहक मादीला आपल्यापर्यंत आणतो, तो गरम झाल्यावर नव्हे, गार झाल्यावर ओरडतो. फळमाशीतही तोच ग्राहक आहे, तिथं त्याचं काम गारठा टाळायचं. डासानं जुनंच साधन घेतलं : गार लागायला लागलं की समजायचं, माणसापासून लांब चाललोय, वळा. या ग्राहकात बिघाड केलेल्या माद्यांना उबेचा माग नीट लागेना.

पतंग दिव्याकडं उष्णतेमुळं येतात का?

नाही. गार एलईडीवरही येतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रीकरणात दिसलं की उडणारे कीटक पाठ उजेडाकडं ठेवतात, कारण लाखो वर्षं उजेड वर आकाशातच असायचा. दिवा बाजूला आला की ते तिरके होतात आणि त्याच्याभोवतीच फिरत राहतात.

मधमाश्या उन्हाळ्यात पोळं गार कसं ठेवतात?

एकट्या माशीला जमत नाही ते पोळ्याला जमतं. अळ्या-कोशांच्या भागात त्या ३४-३५ अंशांच्या आसपास तापमान टिकवतात, बाहेर ३८ असो वा १२. गरम झालं की काही माश्या दाराशी ओळीनं उभ्या राहून पंखांनी वारा घालतात, काही पाणी आणून घरांवर पसरतात, ते उडून जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून मधुपेट्या ठेवणाऱ्यानं उन्हाळ्यात जवळ पाण्याची थाळी ठेवावी, त्यात दगड टाकावेत, नाहीतर माश्या बुडतात. गार झालं की त्याच माश्या पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब देतात.

त्या हीच ऊब हत्यार म्हणूनही वापरतात. जपानमधल्या एपिस सेराना माश्या पोळ्यात शिरलेल्या मोठ्या गांधीलमाशीला शेकड्यांनी चिकटून गोळा करतात आणि स्नायू थरथरवून गोळ्याच्या आत तापमान ४६-४७ अंशांवर नेतात. आत कार्बन डायऑक्साइडही साचतो. गांधीलमाशी तिथं मरते, मधमाश्यांची सहनशक्ती मात्र तिच्यापेक्षा दोन-तीन अंश वर असते, आणि सगळा डाव त्या दोन-तीन अंशांवर चालतो. आपली सातेरी याच जातीची. सह्याद्रीत पेट्या ठेवणाऱ्यांनी पेटीच्या दाराशी माश्यांचा घट्ट गोळा दिसला तर तो काडीनं फोडू नये, आत काम चालू असतं.

रातकिड्याच्या आवाजावरून तापमान सांगता येतं का?

येतं, जात माहीत असेल तर. अमेरिकेतल्या डोल्बेअर यांनी १८९७ मध्ये त्याचं सूत्रच मांडलं. रातकिड्याचे स्नायू हवेइतकेच गरम असतात, म्हणून गार हवेत आवाज संथ होतो. ते सूत्र तिकडच्या एका जातीचं आहे, रंकाळ्याच्या काठावरच्या किड्याला जसंच्या तसं लावू नका.

पळायला जागाच नसेल तर?

मग शरीराच्या आत बंदोबस्त होतो. १९६२ मध्ये, म्हणजे इकडं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी, इटलीतल्या फेरुचिओ रितोसा यांना फळमाशीच्या लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. माश्यांना नेहमीपेक्षा जास्त ऊब मिळाली होती. ते फुगवटे म्हणजे जोरात कामाला लागलेली जनुकं. १९७४ मध्ये त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं सापडली, त्यांना उष्माघात प्रथिनं म्हणतात. उष्णतेनं प्रथिनांच्या घड्या विस्कटतात, ती एकमेकांना चिकटून निकामी होतात. ही नवी प्रथिनं त्यांना धरून पुन्हा घडीवर आणतात. जिवाणूपासून माणसापर्यंत बहुतेक सगळ्यांकडं ही सोय आहे.

म्हणूनच आधी सोसेल इतकी ऊब मिळालेला कीटक नंतरची मोठी उष्णता जास्त झेलतो. हायड्रा ऑलिगॅक्टिस हा गोड्या पाण्यातला छोटा प्राणी या बाबतीत दुबळा आहे, त्याला ही प्रथिनं नीट बनवता येत नाहीत, आणि पाणी तापलं की त्याच्याच शेजारी राहणारे दुसरे हायड्रा टिकतात, हा जात नाही.

गोगलगाई उन्हाळ्यात कुठं जातात?

शंखाच्या गोगलगाई भिंतीला किंवा झाडाला चिकटून किंवा मातीत शिरून झोपतात. शंखाच्या तोंडावर वाळलेल्या चिकट द्रवाचा पडदा ओढतात, श्वास आणि हृदयाचे ठोके मंद होतात. पाऊस आला की पडदा मोडून बाहेर. वाळलेला शंख मेलेला समजून फेकू नका, बागेत नको असेल तर मात्र हीच गोळा करायची वेळ.

हळूहळू तापवलेल्या पाण्यातला बेडूक खरंच बसून राहतो का?

नाही राहत. प्रेरणादायी भाषणात ही गोष्ट फार चालते, पण धडधाकट बेडूक पाणी तापायला लागल्यावर अस्वस्थ होतो आणि वाट असेल तर बाहेर उडी मारतो. १८६९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गोल्ट्झ यांच्या प्रयोगात जो बसून राहिला, त्याचा मेंदू आधीच काढलेला होता. वक्त्यांनी हा तपशील सांगायला हवा.

पाणअस्वलाला उष्णतेनं काहीच होत नाही, खरं का?

पाणअस्वल म्हणजे टार्डिग्रेड, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्राणी. सुकून गोळा झालेलं असताना ते फार सोसतं. ओलं आणि चालतंफिरतं असताना, दिवसभर ऊब राहिली तर आपल्या उन्हाळ्यातलं तापमानही त्याला जड जातं.

मुलांना घरी काय करून बघता येईल?

कुणाला चटके न देता करता येण्यासारखं आहे. गच्चीवरची किंवा अंगणातली मुंग्यांची एक रांग निवडा. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर तासाला एका खुणेवरून मिनिटभरात किती मुंग्या जातात ते मोजा, आणि त्याच जागी जमिनीला टेकवून थर्मामीटर वाचा. तापाचा थर्मामीटर नको, तो फुटेल किंवा चुकीचं दाखवेल, शाळेच्या प्रयोगशाळेतला चालतो. एप्रिलमधल्या दिवशी आणि पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी दोन्ही वेळा मोजा. काळ्या मोठ्या मुंग्या आणि बारीक लाल मुंग्या यांची वेळ वेगळी येते का बघा. दुपारी रांग मोडली असेल तर पुठ्ठ्याची सावली करा आणि मुंग्या किती वेळात परत येतात ते घड्याळावर लावा. जमिनीचं तापमान आणि हवेचं तापमान यांत किती फरक निघतो तेही वहीत लिहा, कारण मुंगी जमिनीपासून दोन-तीन मिलिमीटर उंचीवर जगते आणि वर्तमानपत्रातलं तापमान तिच्या कामाचं नसतं.